वजनाच्या ऑपरेशननंतर घोट, घास आणि गोळ्या यांची घडी कशी बसवायची

"दहावा दिवस आहे, काही दुखत नाही, थोडा मऊ भात खाल्ला तर चालेल का?" "घास अडकलाय, वरून पाणी प्यायले, आता काय करू?" "सकाळी सगळ्या गोळ्या एकदम घेतो, तरी लोह का वाढत नाही?" माझा वजनासाठीचा बायपास होऊन सात वर्षं झाली. नव्याने ऑपरेशन झालेल्यांचे मला जे फोन येतात, ते बहुतेक या तीन प्रश्नांभोवतीच फिरतात. काय खायचं ते सगळ्यांना पाठ असतं. चुकतं ते कशानंतर काय, आणि मध्ये किती वेळ जाऊ द्यायचा, हे.

पुढचं सगळं स्लीव्ह आणि बायपास या दोन्हींसाठी आहे. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे पाऊण भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी नळी उरते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या भागाचा साधारण 30 मिलीचा पाऊच, म्हणजे छोटी पिशवी, करून तो लहान आतड्याला जोडतात. जिथे दोन्हींत फरक आहे तिथे तसं लिहिलंय. मी डॉक्टर नाही. तुमच्या सर्जनने दिलेला कागद आणि हा लेख यांत तफावत दिसली तर कागद खरा.

1. ऑपरेशनच्या आधीचे दोन आठवडे: सराव आणि तीन प्रश्न

खरेदी कमी करा. प्रोटीन पावडरचे मोठे डबे आधीच भरून ठेवणं ही जवळजवळ प्रत्येकाची पहिली चूक. ऑपरेशननंतर चव बदलते. आधी आवडलेली व्हॅनिला नंतर नाकासमोरही नको वाटते. दोन-तीन चवींची छोटी पाकिटं आणा, बाकी नंतर. लागतात त्या वस्तू अशा: 30 मिलीचा औषधाचा कप, लहान चमचा, छोटी ताटली, मिक्सर, गाळणी आणि एक टायमर.

खरं काम सरावाचं आहे. रोज एक जेवण पाण्याशिवाय करा आणि जेवणानंतर अर्धा तास पाण्याला हात लावू नका. आयुष्यभराची घोट घेत जेवायची सवय ऑपरेशनने जात नाही. ती आधीच मोडायला लागते.

डॉक्टरांना हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या:

- मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या कोणत्या गोळ्या कमी होणार, कोणत्या बंद होणार? साखर वजनाच्या आधी उतरते, कधीकधी पहिल्या काही दिवसांतच. जुन्याच मात्रेत इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू राहिल्या तर साखर धोकादायक खाली जाते.
- माझ्या गोळ्यांपैकी कोणत्या कुटून घेता येतील? सावकाश विरघळणाऱ्या, दिवसभर पुरणाऱ्या गोळ्या कुटायच्या नसतात. त्यांना पर्याय मागा.
- दुखलं तर काय घ्यायचं? (याबद्दल पुढे सविस्तर.)

2. पहिले दोन आठवडे: फक्त घोट

सुरुवातीला एक-दोन दिवस पाण्यासारखे पातळ, गाळलेले पदार्थ आणि त्यानंतर दुसऱ्या आठवड्याच्या शेवटापर्यंत दूध, पातळ ताक, प्रोटीन घातलेलं पेय, गाळलेलं सूप. लक्ष्य दिवसाला दीड ते दोन लिटर. ऐकायला अशक्य वाटतं, कारण तोंडाला लावून ग्लास संपवायची सोय आता नाही. म्हणून हिशोब असा: दर पंधरा मिनिटांनी 30 मिलीचा एक कप. तासाला 120 मिली, जागेपणीच्या चौदा तासांत 1,680 मिली. टायमर त्यासाठीच आणला. तो वाजला की घोट, तहान असो वा नसो. तहानेची वाट पाहणारा माणूस संध्याकाळी पाचला जागा होतो, तोवर अर्धा लिटरसुद्धा गेलेलं नसतं, आणि मग घाईघाईत मोठे घोट घेऊन छातीत कळ आणतो.

थंड पाणी जात नसेल तर कोमट घेऊन पाहा. काहींचं नेमकं उलट असतं. फसफसणारी पेयं बंद.

तपासून पाहा: लघवी फिकट पिवळी आहे का? गडद होत असेल, उभं राहिल्यावर चक्कर येत असेल, तर पाणी कमी पडतंय. ऑपरेशननंतर लोक पुन्हा हॉस्पिटलात भरती होण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे, आणि ते घरच्या घरी टळण्यासारखं आहे.

आता भाताचा प्रश्न. दहाव्या दिवशी काही दुखत नाही हे खरं असतं. पण दुखत नाही ती कातडीवरची जखम. आत स्टेपल लावून शिवलेली लांब ओळ असते, ती भरून यायला आठवडे लागतात आणि ती आपली प्रगती कळवत नाही. मऊ भातसुद्धा आत गेल्यावर फुगतो. पातळ पदार्थांचे आठवडे वजन उतरवण्यासाठी ठेवलेले नाहीत, त्या ओळीवर ताण येऊ नये म्हणून ठेवलेत. हे एकदा डोक्यात बसलं की "एक चमचा खाल्ला तर काय होतं" हा प्रश्न उरत नाही.

सावधान: आराम करतानाही नाडी मिनिटाला 120 च्या पुढे राहणं, ताप, वाढत जाणारी पोटदुखी, धाप लागणं, डाव्या खांद्यात कळ. यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. स्टेपलच्या ओळीतून गळती झाल्याची ही लक्षणं असू शकतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात भरलेल्या वायूमुळे पहिले काही दिवस खांदा दुखतो, पण ते दुखणं चाललं की हलकं होत जातं. एका पायाची पोटरी सुजून दुखली तरी तितकीच घाई करा, कारण ती रक्ताची गुठळी असू शकते.

चालणं पहिल्या दिवसापासून. जड उचलणं सर्जनने परवानगी दिल्याशिवाय नाही, आणि लहान मूलसुद्धा जडच असतं.

3. तिसरा ते आठवा आठवडा: एका वेळी एक पायरी

साधारण क्रम असा: तिसरा-चौथा आठवडा मिक्सरमधून काढलेलं, गुठळी नसलेलं. पाचवा-सहावा मऊ, काट्याने दाबलं की मोडणारं. त्यानंतर हळूहळू नेहमीचं. प्रत्येक सर्जनचं वेळापत्रक थोडं वेगळं असतं, त्यामुळे दुसऱ्याच्या तारखांशी आपल्या तारखा ताडून पाहू नका.

नवा पदार्थ दिवसाउजेडी, घरी, एका वेळी एकच. रात्री नवं काही चाखायचं नाही. बिनसलं तर झोप जाते आणि अंधारात भीती दुप्पट होते. पदार्थ बसला नाही तर दोन दिवस मागच्या पायरीवर जा आणि त्याला दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा संधी द्या. "मला अंडं चालत नाही" असं सहाव्या आठवड्यात कायमचं ठरवून टाकणारे लोक चौथ्या महिन्यात अंडं खाताना पाहिलेत.

अडकण्यात अग्रेसर कोण, ते सांगते: कोरडं चिकन, त्यातही फ्रिजमधून काढून पुन्हा गरम केलेलं. मग मऊ ताजा ब्रेड, जो चावून चावून गोळाच होतो. मग चिकट भात आणि धागे निघणारी फळं-भाज्या. रस्सा किंवा दही घालून ओलसर केलेला पदार्थ जातो, तोच कोरडा असला की जात नाही.

4. एक जेवण, सुरुवातीपासून शेवटापर्यंत

हा टप्पा सगळ्यात लांब आहे, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

पहिलं, पिणं थांबवा. जेवायच्या पंधरा मिनिटं आधीपासून काही प्यायचं नाही, जेवताना नाही, आणि जेवणानंतर तीस मिनिटं नाही. जेवताना पाणी प्यायलं तर लहानशा जागेत दाटी होऊन दुखतं किंवा उलटी होते. पुढे काही महिन्यांनी उलट व्हायला लागतं: पाण्याबरोबर घास सरकत जातो, पोट भरल्याची खूण येत नाही आणि जास्त खाल्लं जातं.

दुसरं, वाढून घ्या, आणि मोजून. सुरुवातीला दोन-चार चमचे. भांड्यातून थेट खाऊ नका.

तिसरं, ताटलीत आधी प्रथिनं, मग भाजी, जागा उरली तर भात किंवा ब्रेड. बहुतेकदा उरत नाही.

चौथं, घास शेंगदाण्याएवढा. वीस-पंचवीस वेळा चावा, तोंडात पेस्ट होईपर्यंत. गिळा. मग चमचा खाली ठेवा, खरोखर खाली, हातातून सुटलेला. अर्धं मिनिट थांबून पुढचा घास.

पाचवं, खूण ओळखा. पूर्वीसारखं पोट तट्ट भरल्याचं आता कळत नाही. आता खूण येते ती नाकातून पाणी, एखादी उचकी, एकदम आलेली शिंक किंवा छातीच्या हाडामागे हलकासा दाब अशी. प्रत्येकाची खूण वेगळी. माझी उचकी. उचकी आली की तोंडात असेल तो घाससुद्धा मी कागदात काढून टाकते. पुढचा एकच घास आणि चाळीस मिनिटांचा त्रास यांच्यामध्ये काहीही नसतं.

सहावं, वीस ते तीस मिनिटांत उठा. त्याहून लवकर संपलं तर घाई झाली. तासभर ताटली समोर असेल तर ते जेवण राहिलं नाही, चरणं झालं.

तिसऱ्या महिन्यात मी फोनवर बोलता बोलता चिकन खाल्लं. तुकडा मोठा होता हे गिळल्यावर कळलं. आधी छातीत खुंटी ठोकल्यासारखं झालं, मग तोंडात लाळ दाटायला लागली, घट्ट, फेसाळ, अंड्याच्या पांढऱ्यासारखी. फोन ठेवला आणि नळ उघडून पाणी प्यायले. ते पाणी उतरलंच नाही, फेसासकट वर आलं. तेव्हापासून पहिला नियम: जेवताना फोन दुसऱ्या खोलीत.

घास अडकला तर: खाणं थांबवा. पाणी पिऊन ढकलायचा प्रयत्न करू नका. उभं राहा, सावकाश फेऱ्या मारा, लाळ गिळण्याऐवजी थुंका. घशात बोट घालू नका. बहुतेकदा तो सरकतो किंवा आपणहून वर येतो. त्यानंतर त्या दिवशी फक्त पातळ. काही तास उलटूनही पाण्याचा घोटसुद्धा उतरत नसेल तर हॉस्पिटल. आठवड्यातून दोन-तीनदा अडकायला लागलं, किंवा पूर्वी जाणारे पदार्थ जाईनासे झाले, तर मार्ग अरुंद झालाय का ते तपासून घ्यावं लागतं. "मीच नीट चावत नाही" म्हणून स्वतःला दोष देत बसू नका.

5. प्रथिनं आणि साखर

दिवसाला साधारण 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं लागतात. नेमका आकडा आहारतज्ज्ञ देतील. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम, शिजवलेल्या 100 ग्रॅम चिकनमध्ये 25 ते 30. पहिल्या महिन्यांत नुसत्या जेवणातून हा आकडा गाठता येत नाही, म्हणून प्रोटीनचं पेय. त्यात साखर किती आहे ते डब्याच्या मागच्या बाजूला वाचा. पुढच्या बाजूला काय लिहिलंय त्याला अर्थ नाही.

बायपासवाल्यांनी साखर जास्त घेतली की डम्पिंग होतं, म्हणजे गोड खाणं एकदम आतड्यात उतरून त्रास होतो. ते दोन प्रकारचं असतं आणि लोक दोन्ही एकच समजतात. पहिलं खाल्ल्यावर दहा मिनिटं ते तासाभरात: पोटात मुरडा, धडधड, घाम, जुलाब, आडवं पडावंसं वाटणं. तेव्हा पडूनच राहा. दुसरं एक ते तीन तासांनी: हात थरथरणं, घाम, डोकं हलकं होणं. हे साखर खाली आल्यामुळे. तेव्हा थोडं ग्लुकोज घ्यावं लागतं, पण त्यामागोमाग प्रथिनं घेतली नाहीत तर साखर चढते, पुन्हा कोसळते आणि दिवसभर तोच झोका चालू राहतो. दुसऱ्या प्रकारचा त्रास वारंवार होत असेल तर डॉक्टरांना सांगा, आणि तोवर गाडी चालवू नका. स्लीव्हमध्ये हे कमी होतं, पण होत नाही असं नाही.

6. गोळ्यांचं वेळापत्रक

सगळ्या गोळ्या सकाळी एकदम घेऊन मोकळं होणं सोयीचं आहे, पण कॅल्शियम लोहाला नीट शोषू देत नाही. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर हवं. मल्टिव्हिटॅमिनमध्येही लोह असतं हे विसरलं जातं. चहा-कॉफीही लोहाच्या गोळीपासून लांब ठेवा.

कॅल्शियम सहसा दिवसाला 1,200 ते 1,500 मिलिग्रॅम सांगतात. शरीर एका वेळी 500-600 च्या वर फारसं घेत नाही, त्यामुळे ते वाटून घ्यायचं. आणि कॅल्शियमचा सायट्रेट हा प्रकार घ्या. कार्बोनेटला पचायला आम्ल लागतं, जे आता कमी झालंय. माझा दिवस असा:

- सकाळी 7: मल्टिव्हिटॅमिन आणि लोह
- 10:30: कॅल्शियम सायट्रेट
- दुपारी 3:30: कॅल्शियम सायट्रेट
- रात्री 9: कॅल्शियम सायट्रेट

ड जीवनसत्त्व आणि बी-12 वेगळं, डॉक्टरांनी दिलेल्या मात्रेत. थायरॉइडची गोळी असेल तर ती कॅल्शियम आणि लोहापासून चार तास लांब, तेव्हा वरच्या वेळा सरकवाव्या लागतील.

या गोळ्या कायमच्या आहेत. बी-12 चा यकृतातला साठा बराच काळ पुरतो, म्हणून गोळ्या सोडल्यावर पहिलं वर्ष काहीच होत नाही. मग मुंग्या यायला लागतात, आणि मज्जातंतूंचं नुकसान प्रत्येक वेळी पूर्ण भरून येत नाही.

सावधान: दोन-तीन दिवस उलट्या थांबत नसतील तर नुसतं उलटीचं औषध पुरत नाही. थायमिन म्हणजे बी-1 चा साठा काही आठवड्यांतच संपतो. तोल जाणं, एकाची दोन दिसणं, बोलण्यात गोंधळ ही लक्षणं मेंदूवर परिणाम होत असल्याची आहेत. हॉस्पिटलमध्ये "माझं वजनाचं ऑपरेशन झालंय, थायमिन हवं" हे स्वतःहून सांगा.

वेदनाशामकं: आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रॉक्सेन बंद, विशेषतः बायपासनंतर; जोडाच्या जागी अल्सर होतो. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल. सर्दीच्या आणि पाळीच्या गोळ्यांमध्ये आयबुप्रोफेन लपलेलं असतं. दाताच्या डॉक्टरांनी लिहून दिलं तरी आधी नाव वाचा. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर मात्र ते आपल्या मनाने थांबवू नका, विचारा. धूम्रपानानेही तोच अल्सर होतो.

7. तिसरा आठवडा, चौथा महिना: घाबरवणाऱ्या दोन गोष्टी

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वजन अडतं. काटा एक-दोन आठवडे हलत नाही आणि माणूस ठरवतो की ऑपरेशन फसलं. काही करू नका. खाणं आणखी कमी करणं ही चूक. काटा आठवड्यातून एकदाच पाहा.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळायला लागतात, ते काही महिने गळत राहतात. हा ऑपरेशनच्या आणि झपाट्याने उतरलेल्या वजनाच्या धक्क्याचा परिणाम. मुळं शाबूत असतात, केस परत येतात. वर्ष झाल्यावरही गळत असतील तर लोह, जस्त आणि प्रथिनं तपासा. बायोटिनवर पैसे घालायचे असतील तर घाला, पण रक्ततपासणीच्या आधी ते थांबवा, कारण त्याने काही चाचण्यांचे आकडे चुकतात.

उजव्या बरगडीखाली जेवणानंतर कळ येत असेल तर पित्ताशयातले खडे असू शकतात. वजन वेगाने उतरताना ते होतात.

8. घर, चारचौघं, दारू, गरोदरपण

कुणाला सांगायचं हे आधी ठरवा. सगळ्यांना सांगायची गरज नाही, पण घरातल्या एकाला आणि तुमच्यावर उपचार करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला सांगायचंच. चारचौघांत "एवढंच?" असं कुणी विचारलं तर "आत्ता पोट भरलंय" इतकं पुरतं, खुलासा सुरू केला की सल्ले सुरू होतात.

दारू आता वेगाने चढते, विशेषतः बायपासनंतर. एका पेल्यानंतरही गाडी नको. खाण्याचा आधार गेल्यावर काही जण दारूकडे वळतात, आणि हे बहुधा पहिल्या वर्षानंतर सुरू होतं. म्हणून घरच्यांनीही लक्ष ठेवावं.

वजन उतरलं की अनियमित पाळी सुरळीत होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते. पहिले 12 ते 18 महिने गरोदरपण टाळायला सांगतात. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर भिस्त ठेवू नका, दुसरा उपाय विचारा.

9. वर्षानंतर

भूक परत येते. ती यायचीच होती. तोवर वरचं वेळापत्रक हाडीमाशी भिनलेलं असेल तर निभावतं. वजन पुन्हा चढतं ते बहुतेकदा मोठ्या जेवणांनी नाही. बिस्किटं, चिप्स, आइस्क्रीम असं तोंडात विरघळणारं खाणं पाऊचमध्ये थांबतच नाही, त्यामुळे दिवसभर चरता येतं. असं वाटलं तर आठवडाभर प्रत्येक घासाची वेळ लिहून काढा. काय खाल्लं ते नंतर, आधी फक्त वेळ. माझ्या एका वहीत एका दिवसात चौदा वेळा निघाल्या होत्या.

रक्ततपासणी साधारण 3, 6 आणि 12 महिन्यांनी, मग दरवर्षी. बरं वाटतंय म्हणून सोडू नका.

बायपासवाल्यांसाठी एक इशारा कायमचा: कित्येक वर्षांनीसुद्धा पोटात येऊन जाऊन पिळवटणारी कळ येत असेल, खाल्ल्यावर वाढत असेल, तर इंटर्नल हर्निया असू शकतो, म्हणजे आतडं पोटातल्या फटीत सरकून अडकणं. साध्या तपासणीत तो नजरेतून सुटू शकतो. ॲसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवलं आणि कळ थांबली नाही, तर बॅरिएट्रिक सर्जनच, म्हणजे वजनाची ऑपरेशनं करणारा सर्जनच, गाठा.

आणि पाकिटात एक कार्ड ठेवा. माझ्यावर लिहिलंय: बायपास, ऑपरेशनचं वर्ष, सर्जनचा फोन, आयबुप्रोफेन-डायक्लोफिनॅक नको, नाकातून नळी अंदाजाने घालू नये, सलाइनमधून ग्लुकोज देण्याआधी थायमिन द्यावं. मागच्या बाजूला गोळ्यांची यादी. कार्ड कोणत्या कप्प्यात आहे ते घरातल्या माणसाला दाखवून ठेवा, कारण ज्या दिवशी ते लागेल त्या दिवशी तुम्ही बोलण्याच्या स्थितीत असालच असं नाही.